बोल्ट बदलताना : वस्तू आणि तिचा शेजार

तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक जहाज हमखास येतं. थीसियसचं. प्लूटार्कने लिहून ठेवलंय की अथेन्सच्या लोकांनी ते तीस वल्ह्यांचं जहाज पिढ्यानपिढ्या जपलं. कुजली फळी की काढायची, तिथे नवी बसवायची. मग सगळ्या फळ्या बदलल्यावर ते तेच जहाज राहिलं का? या वादात आपण फळ्या मोजतो. पण त्या फळ्या एकमेकींना धरून कशा राहतात, हे विचारत नाही. आज तेवढंच विचारू. त्यासाठी प्राचीन ग्रीस सोडून विसाव्या शतकातली एक लाकडी शिडाची होडी घेऊ, जिचे सांधे धातूच्या बोल्टांवर आहेत.

अशा होडीच्या लाकडी कण्याखाली शिशाचं किंवा बिडाचं जड वजन टांगलेलं असतं. वाऱ्याने होडी कलली की तेच तिला परत उभं करतं. हे वजन काही मोजक्या बोल्टांवर असतं. ते तुटले तर वजन समुद्राच्या तळाशी आणि होडी उलटी. म्हणजे प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे.

मग जुना बोल्ट काढून कोणता घालायचा? आपलं पहिलं उत्तर असतं, ‘सगळ्यात चांगला.’ इथेच गफलत आहे. चांगला म्हणजे कुणाच्या शेजारी चांगला?

ब्रिटिश नौदलाने 1761 साली ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव व्हावा म्हणून. पुढे तपासणी झाली तेव्हा दिसलं की तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऊन गेले होते. जिथे पत्र्याला गुंडाळलेला कागद चुकून मध्ये राहिला होता, तिथलं लोखंड मात्र शाबूत. तांबं वाईट नव्हतं, लोखंडही नव्हतं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले, भोवती खारं पाणी, झाली बॅटरी तयार! तीत एक धातू झिजतो, दुसरा वाचतो.

म्हणून आधी पाहायचं, वजन कशाचं आहे. शिशाचं असेल तर ब्राँझचे बोल्ट चांगले जमतात. बिडाच्या वजनात ब्राँझ घातलं तर बोल्ट राहतो, भोवतालचं बीड झिजतं. पितळ तर पाण्याखाली नकोच. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त निघून जातं आणि मागे तांबूस, ठिसूळ सांगाडा उरतो. वरून बोल्ट जागेवर, आत जोर नाही. स्टेनलेस स्टीलचंही तसंच. त्याच्यावरचा संरक्षक थर टिकायला प्राणवायू लागतो, आणि ओल्या लाकडाच्या आत तोच मिळत नाही. डोकं चकचकीत, दांडा मात्र आतून कुरतडलेला.

लाकूडही शेजारीच आहे. ओकमधली आम्लं लोखंडाला खातात. सागवान त्या मानाने सोशिक. मुंबईत सागवानात बांधलेलं आणि 1817 साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभं आहे.

आता प्रत्यक्ष काम. होडी किनाऱ्यावर नीट टेकू देऊन उभी करायची. सगळे बोल्ट एकदम काढायचे नाहीत. एक काढायचा, तपासायचा, नवा बसवायचा, मग दुसरा. म्हणजे बाकीचे सांधा धरून ठेवतात. भोक साफ करायचं, भोवतालचं लाकूड कुजलंय का पाहायचं. कुजक्या लाकडात नवा बोल्ट घालून काही होत नाही. पाणी शिरू नये म्हणून लांबी भरायची, नटाखाली रुंद, त्याच धातूचा वॉशर द्यायचा. आणि आवळताना जोर दाखवायचा नाही. किनाऱ्यावर सुकलेलं लाकूड पाण्यात परत फुगतं. आधीच करकचून आवळलं तर तंतू चिरडतात.

काही जण धातू वाचवायला जस्ताचा तुकडा जोडतात. तो स्वतः झिजतो आणि बोल्ट राखतो. पण जस्त गरजेपेक्षा जास्त झालं तर राखलेल्या धातूभोवती अल्कली तयार होते आणि तिथलं लाकूड भुसभुशीत होतं. बोल्ट शंभर टक्के सुरक्षित, पण त्याला धरणारं लाकूडच गेलं!

थीसियसच्या कोड्यात आपण गृहीत धरतो की वस्तू म्हणजे सुट्या भागांची बेरीज. भाग तेच तर वस्तू तीच. या बोल्टांकडे पाहिलं तर वेगळं दिसतं. त्याच मापाचा, जास्त मजबूत भाग घातला आणि होडी खिळखिळी झाली, असं होऊ शकतं. दुसऱ्या धातूचा, पण शेजार राखणारा भाग घातला आणि ती आणखी कित्येक वर्षं तरली, असंही होतं. टिकवायचे असतात ते संबंध. भाग त्यांच्यासाठी बदलायचे.

काढलेल्या फळ्या जोडून कुणी दुसरं जहाज उभं केलं तर खरं कोणतं, असं हॉब्जने विचारलं होतं. त्याच्याकडे पुढच्या व्याख्यानात वळू.