खाणमजुराचा श्वास

राजस्थानातील जोधपूर, करौली, धौलपूर या जिल्ह्यांत ज्या वालुकाश्मावर सहस्रावधी कुटुंबांचा चरितार्थ चालतो, त्या दगडात सिलिका मुबलक असते. आणि कोरड्या दगडात यंत्राने भोक पाडताना तिची जी धूळ उडते, तिच्यातील अतिसूक्ष्म कण डोळ्यांना न दिसता थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत जाऊन बसतात. शरीराच्या रक्षक पेशी ते गिळतात, परंतु पचवू न शकल्याने स्वतःच नष्ट होतात, आणि त्या जागी वण व गाठी धरून फुप्फुस कठीण होत जाते. हाच सिलिकोसिस होय. सामान्यतः दहाएक वर्षांनी, आणि धूळ फार असल्यास त्याहून पुष्कळ आधी प्रकट होणारा हा विकार खाण सोडल्यानंतरही वाढतच राहतो, आणि त्यावर रोगमुक्त करणारे औषध अद्याप नाही. खोकला आणि रोडावणारे शरीर पाहून पुष्कळदा त्याला क्षयच समजले जाते. शिवाय सिलिकेने दुबळ्या झालेल्या फुप्फुसात खरोखरीचा क्षयही सहज शिरतो.

क्ष-किरणांच्या चित्रात गाठी दिसतात, जगणे दिसत नाही. म्हणून श्वसनविकारांनी ग्रासलेल्यांच्या जीवनमानाचा अंदाज घेण्यासाठी लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या नावाने ओळखली जाणारी ५० प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. अंग धुताना, कपडे घालताना दम लागतो काय, चारचौघांत खोकल्याची लाज वाटते काय, असे तिचे साधे प्रश्न आहेत. परंतु ज्याने उभे आयुष्य अवजड शिळा उचलण्यात घालवले, त्याला आंघोळ आटोपता आटोपता मध्येच टेकावे लागते, तेव्हा त्या साध्या प्रश्नांचे उत्तर देणे किती जड जात असेल! त्याची मजुरी बुडते, ठेकेदाराकडून घेतलेली उचल फिटत नाही, आणि घरची बाई वा वयात येणारा मुलगा त्याच खाणीची वाट धरतो.

१९५२ च्या खाण कायद्याने असा रोग आढळल्यास वर्दी देणे बंधनकारक केले. परंतु ज्याचे नाव हजेरीपटावर कधी चढलेच नाही, त्याने नोकरीचा दाखला कोठून आणावा? राजस्थान सरकारच्या २०१९ च्या धोरणान्वये रोग प्रमाणित झालेल्या मजुरास ३ लाख रुपये व दरमहा निवृत्तिवेतन, आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांस २ लाख रुपये मिळण्याची तजवीज झाली, ही गोष्ट निःसंशय स्तुत्य होय. तथापि ही मदत फुप्फुस निकामी झाल्यावर हाती पडते. भोक पाडताना पाण्याची धार सोडली तर धूळ बव्हंशी जागच्या जागी बसते, ही विद्या शतकभर जुनी आहे. १९३० साली जोहान्सबर्ग येथे याच रोगावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. म्हणून यंत्राला पाणी जोडल्यावाचून आणि प्रत्येक मजुराचे नाव हजेरीपटावर चढविल्यावाचून खाणीचा परवाना देऊच नये, एवढी सक्ती सरकारने करणे हाच खरा प्रतिबंध आहे. भरपाई ही त्यानंतरची गोष्ट.