गावातले जुने घर घेताय? भिंत आणि कागद दोन्ही ठोकून पाहा



बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने उभे राहिले, इकडे इंदापूर तालुक्यात लोणी देवकरला वसाहत आली, आणि आसपासच्या गावांतल्या जुन्या घरांना गिऱ्हाईक आले. एक भाऊ पुण्याला, दुसरा मुंबईला, म्हातारी गेली आणि वाड्याला कुलूप लागले, असे घर आज प्रत्येक गावात एखादे तरी सापडते. दुसरीकडे मळ्यात राहणाऱ्या कुटुंबाला पोरांच्या शाळेसाठी, आजारी माणसाच्या सोयीसाठी गावात घर हवे असते. उसाचे बिल हातात येते, मध्यस्थ चहाला येऊन बसतो आणि चार दिवसांत इसार दिला जातो. बैल घ्यायचा तर आपण दात मोजतो, चालवून बघतो, खांदा चाचपतो. घर मात्र ओसरीवर बसूनच घेतो!

गावाची दोन अंगे वाडवडील सांगत आले, काळी आणि पांढरी. काळीचा सातबारा आपल्याला तोंडपाठ असतो. पांढरीतल्या घराचे तसे नाही. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. विकणारा तुमच्यापुढे ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा आणि घरपट्टीची पावती ठेवील. (तलाठी कार्यालयातला आठ-अ तो निराळा, त्याची गल्लत करू नका.) हा आठ नंबर म्हणजे कर आकारणीची यादी. घरपट्टी कोणाकडून वसूल करायची एवढेच ती सांगते. मालक कोण ते ठरवत नाही. गायरानात अतिक्रमण करून बांधलेल्या घराचीही तिथे नोंद असू शकते. गायराने आणि गावाच्या सामाईक जागा मोकळ्या कराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बजावले आहे. तेव्हा नुसत्या पावतीवर भुलू नका.

खरा कागद म्हणजे मालमत्ता पत्रक आणि त्याबरोबरची सनद. पूर्वी ती फक्त मोठ्या, नगर भूमापन झालेल्या गावांत मिळत. मग ड्रोनने गावठाण मोजण्याचे काम निघाले. त्याचा पहिला प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना जाहीर केली आणि गावोगाव चुन्याच्या फक्कीने हद्दी आखून वरून मोजणी होऊ लागली. तुम्ही घेणार त्या घराचे पत्रक झाले आहे का, झाले असल्यास त्यावर नावे कोणाची आणि क्षेत्र किती, हे भूमि अभिलेख कार्यालयात विचारा. मग टेप घेऊन स्वतः जागा मोजा. पत्रकात नऊशे फूट आणि तोंडी बाराशे फूट, असा फरक निघाला तर वरचे तीनशे फूट शेजाऱ्याचे किंवा रस्त्याचे समजा.

उजनीच्या काठावरच्या वाचकांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. १९८० साली धरण पुरे झाले आणि भिगवण, पळसदेव अशी गावे उठून वर नव्या जागी वसली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ आजही उघडे पडते. धरणग्रस्तांना मिळालेले भूखंड सरकारने अटींवर दिलेले असतात. अशा गावठाणात घर घेताना जागा कोणत्या वर्गाची आहे, विक्रीला परवानगी लागते का, हे आधी पाहा. वसाहतीच्या कडेची जागा असेल तर भूसंपादनाचा शेरा चढला आहे का, तेही पाहा. १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याखाली एकदा नोटीस लागली की तुमच्या नव्या गिलाव्याला काही अर्थ उरत नाही.

आता नावांचे. वडिलोपार्जित वाडा एकट्या थोरल्या भावाचा नसतो. त्यात धाकट्यांचा हिस्सा असतो आणि बहिणींचाही असतो. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ साली बाप हयात नसला तरी तो हक्क जात नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणजे दौंडला किंवा फलटणला दिलेल्या आत्याची सही नसेल तर व्यवहार अर्धा. “ती कशाला मागतेय, साडीचोळी दिली की झालं,” असे विकणारा म्हणेल. ते ऐकून घ्या आणि बहिणीकडे जाऊन या. ती खुशीने हिस्सा सोडत असेल तर हक्कसोडपत्र रीतसर नोंदवलेले हवे. पैसे घेणार असेल तर तिला विक्रीखतात बसवा. आणि भगिनींनो, तुमच्याच माहेरचा वाडा विकायला निघाला असेल, तर वाचल्याशिवाय सही करू नका.

एका भावाचाच हिस्सा स्वस्तात मिळतोय म्हणून घेणारे पुष्कळ असतात. त्यांनी हे नीट समजून घ्यावे. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा सांगतो की एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा परक्याने घेतला, तर त्याला घरात जाऊन एकत्र राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटपाचा दावा लावावा. आणि दावा लावला की १८९३ चा वाटपाचा कायदा पुढे येतो. घरातला भागीदार कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तुमचा हिस्सा परत विकत घेऊ शकतो. म्हणजे पैसे गुंतले, वर्षे गेली आणि घर नाही ते नाहीच.

मुद्रांकावर लिहून पंचांच्या सह्या घेण्याची रीत अजून गावांत आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराची मालकी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखताशिवाय बदलत नाही. नोटरीचा शिक्का त्याची जागा घेत नाही. इसार देण्यापूर्वी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का बघावे. खर्च होतो खरा, पण उसाच्या एका खेपेइतकाही नव्हे. घर कारभारणीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात सवलत आहे, ती २०२१ पासून लागू झाली. जमेल त्याने जरूर घ्यावी.

कागद झाला, आता भिंतीकडे वळू. आपल्या भागातली जुनी घरे बहुतेक माळवदाची. खाली घडीव दगडाचे जोते, त्यावर दोन फुटी मातीत बांधलेली भिंत, वर तुळया, त्यावर कड्या, किलचन आणि पांढरी माती. उन्हाळ्यात यासारखा गारवा स्लॅबखाली मिळत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येत नाही. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती अशाच घरांखाली. दरसाल पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा नवा थर घालायची पद्धत. जुना कोणी काढत नाही. हिशेब करून पाहा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खण, त्यावर फूटभर माती, म्हणजे शंभर घनफूट. कोरडी असली तरी हे साडेचार टनांच्या आसपास जाते. दोन फूट झाली तर नऊ टन, तेही डोक्यावर! पावसात भिजली की आणखी. म्हणून घर घेतल्यावर पहिले काम, माळवदावर चढून मातीची जाडी मोजा आणि जास्तीची उतरवा.

दुसरे, भिंतीचे पोट. या भिंती दोन पदरी असतात. आतला आणि बाहेरचा दगड नीट, मधे मात्र भर. दोन्ही पदर धरून ठेवणारे आरपार दगड नसले की पदर सुटतात आणि भिंतीला पोट येते. ओळंबा लावून पाहा, हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ऐका. पोट आलेला भाग गिलाव्याने झाकू नका. तेवढा उतरवून पुन्हा बांधा. बाकी भिंतीत जागोजाग आरपार भोके पाडून वाकवलेली सळई आणि काँक्रीट भरतात, किल्लारीनंतर हा उपाय सांगितला गेला. मातीतल्या भिंतीवर सिमेंटचा स्लॅब मात्र ओतू नका. गवंडी “भिंत दोन फुटी आहे, काही होत नाही” म्हणेल. स्लॅबच हवा असेल तर खांब वेगळे, त्यांचा पाया वेगळा, आणि आराखडा इंजिनिअरचा.

पायाचे सांगतो. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या घरांची भर. दोन फुटांवर कुदळ टणकली म्हणून पाया लागला असे होत नाही. तो एखाद्या जुन्या भिंतीचा दगड असेल. शिवाय वाड्यात पेव असायचे. धान्य ठेवण्याचे ते तळघर कधी बुजले, कुठे होते, हे गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. नेमका तिथेच खांब आला तर कठीण. (पेवाच्या जागी हंडा सापडेल या आशेवर असणाऱ्यांसाठी: १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचे गुप्तधन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते.)

नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात भिंतींना लोणा लागतो. जमिनीतली ओल वर चढते, बरोबर क्षार आणते आणि भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग पिठासारखा झडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा म्हणजे ओल आत कोंडणे. ती आणखी वर चढते. झडलेला भाग खरवडून चुन्याचा गिलावा द्या, आणि मोरीचे, पन्हाळीचे पाणी भिंतीपासून लांब काढा. निम्मे दुखणे तिथेच असते.

लाकूड जुने सागवान असेल तर सोन्यासारखे आहे. तुळईचे भिंतीत गेलेले टोक टोच्याने टोचून बघा. वाळवी आणि कूज तिथे असते, मधला भाग धडधाकट दिसतो. चौकट, खांब, कडीपाट विकत घ्यायला व्यापारी येतात आणि सरपणाच्या भावाने मागतात. सुताराला दाखवल्याशिवाय देऊ नका. चांगल्या तुळया नव्या पडवीला, माडीला कामी येतात.

पाडापाडीपूर्वी शेजाऱ्याशी बोला. भिंत सामाईक असेल तर त्याच्या तुळया तुमच्या भिंतीत बसलेल्या असतात. त्याच्या खिडकीचा उजेड, बोळातली वाट वीस वर्षे विनाअडथळा चालू असेल तर कायद्याने तो हक्क बनू शकतो. बोलणे झाले की ते लिहून दोघांनी सह्या कराव्यात. बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीकडे लेखी मागावी, तोंडी सरपंचाकडे नको.

आराखडा काढताना घरातल्या बाईला विचारा. जुन्या स्वयंपाकघरात उजेडाला एक सवणे, धुराला तेच. तिथे पूर्वेला खिडकी पाडता येते का, मोरी आत घेता येते का, संडास परसात न ठेवता घराला लागून करता येतो का, हे तिला आधी कळते. खिडकी मात्र कोपऱ्याला चिकटून पाडू नका, भिंत कमजोर होते.

हे काम काढायचे तर दिवाळी झाल्यावर काढा. माती उतरवणे आणि भिंती दुरुस्त करणे संक्रांतीपर्यंत, लाकूडकाम होळीपर्यंत. ऊसतोडीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, म्हणून गवंड्याला आधीच सांगून ठेवा. मृगाच्या आत छप्पर झाकले गेले पाहिजे. उघड्या मातीच्या भिंतीवर एक वळीव पडला तरी वरचे दोन थर वाहून जातात. छप्पर वेळेत होणार नाही असे दिसले तर भिंतींचे माथे प्लॅस्टिकच्या कागदाने झाकून, वर दगड ठेवून बांधून घ्या.