जलपर्णी : दोष वनस्पतीचा की आपला?

उल्हास नदी ही कल्याण-डोंबिवलीकरांच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार होय. पावसाळा सरला की मोहने परिसरात तिचे पात्र कित्येकदा जलपर्णीने झाकून जाते. दुरून ती हिरवळ आपणांस सुखद वाटते, जांभळ्या फुलांचे कौतुकही होते. मात्र पाण्याला दुर्गंधी सुटली की "ही परदेशी बला आली कोठून?" असा प्रश्न आपण विचारू लागतो.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची वनस्पती म्हणून ती बंगालमध्ये आली आणि १९३६ साली तेथे तिच्या निर्मूलनासाठी कायदा करावा लागला. परंतु परदेशी असणे हा काही तिचा गुन्हा नव्हे. मिरची, बटाटा, टोमॅटो हेही अमेरिका खंडातलेच, ते आपल्या ताटात सुखाने नांदतात. माणूस असो वा वनस्पती, पारख जन्मावरून नव्हे तर वर्तनावरून करावी, हे आपणांस वेगळे सांगणे नको.

तिचे वर्तन मात्र घातक आहे. पोषक पाणी मिळाल्यास ती पंधरवड्यात दुप्पट होते. तिच्या थरामुळे सूर्यप्रकाश अडतो, पाण्यातील प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात आणि डासांचे फावते. हे पोषण तिला पुरवतो कोण? प्रक्रिया न करता नदीनाल्यांत सोडलेल्या आपल्याच सांडपाण्यातील नत्र व स्फुरद!

त्यात हवामान बदलते आहे. जलपर्णीला थंडी सोसत नाही, उबदार पाणी मानवते. तापमान वाढेल तसे तिला नवे प्रदेश खुले होतील. आपल्याकडे पावसाळी पूर तिला खाडीकडे वाहून नेतो, तेथे खाऱ्या पाण्यात ती मरते. परंतु बी चिखलात वर्षानुवर्षे टिकते, आणि प्रवाह मंदावून ऊन तापले की पुन्हा बहर येतो. जैवविविधताविषयक आंतरशासकीय मंचाच्या २०२३ च्या अहवालाने जगात सर्वाधिक पसरलेली आक्रमक परकी प्रजाती म्हणून तिचेच नाव घेतले आहे.

म्हणून केवळ यंत्राने उपसून भागणार नाही. उपसा फुले येण्यापूर्वी व्हावा, काढलेली जलपर्णी काठावर सोडू नये, आणि मुख्य म्हणजे सांडपाणी शुद्ध करूनच नदीत जावे. विद्यार्थ्यांनी दिवाळीनंतर नदीकाठाची नोंद ठेवावी, सभासदांनी ती लेखी स्वरूपात महापालिकेकडे द्यावी. नळाला येणारे पाणी याच नदीचे आहे, याचे भान आपण सर्वांनी ठेवावे.