रेडिओला उलट बोलणारं कोल्हापूर

फेब्रुवारी १९५६ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत एक प्रयोग सुरू झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे ते जिल्हे. निवडलेल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं काढायची, पुणे आकाशवाणीनं आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लावायचा, मंडळानं तो एकत्र बसून ऐकायचा आणि सेट बंद झाल्यावर चर्चा करायची, अशी योजना होती. चर्चेत निघालेले प्रश्न पुण्याला कळवायचे आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं यायची. असे वीस कार्यक्रम झाले. विषय शेतीचे, आरोग्याचे, सहकाराचे, पंचायतीचे. मागे युनेस्कोचं पाठबळ होतं, आणि परीक्षणाचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं. त्या वेळी आकाशवाणीचे प्रमुख होते जगदीशचंद्र माथुर, 'कोणार्क' हे गाजलेलं हिंदी नाटक लिहिणारे. माथुर आणि समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचा अहवाल लिहिला, तो युनेस्कोनं १९५९ मध्ये छापला.

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. जिल्ह्याला स्वतःचं रेडिओ केंद्र नव्हतं, ते व्हायला पुढे काही दशकं जायची होती. तरीही कोल्हापूरच्या रेडिओचा इतिहास मी इथूनच मोजतो. कारण त्या अहवालाचा निष्कर्ष आजच्या प्रत्येक एफएम केंद्राच्या भिंतीवर लावावा असा आहे. ज्या गावांत श्रोतृमंडळ होतं, तिथल्या लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथे फारसा फरक पडला नाही. नुसता सेट पुरत नाही. ऐकणाऱ्याला परत बोलायची सोय लागते.

रेडिओच्या धंद्यात 'फॉरमॅट' म्हटलं की गाण्यांचा विचार होतो. नवी हिंदी की जुनी, मराठी किती, सकाळी भक्तिगीतं लावायची की नाहीत. केंद्राचा इतिहास सांगतानाही कोणत्या साली कुठली गाणी वाजत होती, हेच सांगितलं जातं. मला मात्र कोल्हापूरपुरती दुसरी मोजपट्टी खरी वाटते. कोणत्या काळात श्रोत्याला रेडिओशी किती बोलता आलं, ही ती मोजपट्टी.

पहिली कित्येक वर्षं कोल्हापूर दुसऱ्यांचाच रेडिओ ऐकत होतं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेसंगीताची जागा आक्रसली. श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. 'बिनाका गीतमाला' त्याच वर्षीची. आकाशवाणीला चूक उमगली, पण ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू होईपर्यंत सवय लागून गेली होती. हा मला भारतीय श्रोत्यांनी दिलेला पहिला मोठा कौल वाटतो. काटा फिरवायचा, बस्स. त्यासाठी पत्रही लिहावं लागलं नाही.

१९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र झालं आणि कोल्हापूरकरांना निदान कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातली भाषा ऐकू येऊ लागली. सांगलीची मध्यम लहर शिरोळ-हातकणंगल्याच्या मळ्यांत मजेत पोचायची. फर्माइशीची पोस्टकार्डं जायची. त्यात गाण्याचं नाव एका ओळीत आणि घरातल्या, गल्लीतल्या, तालमीतल्या मंडळींची नावं पाच ओळींत. निवेदक ती नावं वाचून दाखवत. गाणं तीन मिनिटांत संपायचं, पण आपलं नाव रेडिओवर लागलं ही गोष्ट वर्षभर पुरायची. त्या पोस्टकार्डाला हसणाऱ्यांना रेडिओ कळलेला नाही, असं माझं मत आहे.

आणि या सगळ्या काळात कोल्हापूर स्वतः काय करत होतं? गाणी तयार करत होतं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथंच स्थापन झाली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ इथला. गायन समाज देवल क्लब इथला. जगदीश खेबूडकर इथं राहून लिहीत होते. त्यांची गीतं आणि मिरजेच्या राम कदमांचं संगीत असलेला 'पिंजरा' १९७२ मध्ये आला. त्याची गाणी मुंबई-पुण्याच्या केंद्रांवरून वाजत परत कोल्हापूरच्या घराघरांत यायची. माल इथला आणि पेठ तिकडची. एवढं संगीत जन्माला घालणाऱ्या शहराला स्वतःचं केंद्र इतक्या उशिरा मिळावं, याची खंत आजही वाटते.

ते मिळालं १९९० च्या दशकात, 'स्थानिक रेडिओ' या योजनेतून. आकाशवाणीचं पहिलं स्थानिक केंद्र १९८४ मध्ये तमिळनाडूत नागरकोइलला झालं होतं. पुढे महाराष्ट्रात सातारा, नाशिक, अहमदनगर, बीड, नांदेड अशी केंद्रं झाली, त्यांतलंच कोल्हापूर. एफएमवर १०२.७. कल्पना साधी आणि मोठी होती. एका जिल्ह्याला एक केंद्र. स्टुडिओ छोटा, माणसं थोडी, आणि निम्मं काम स्टुडिओबाहेर. रेकॉर्डर घेऊन गावात जायचं, लोक बोलतात तसं टिपायचं आणि तेच लावायचं. पुणे-मुंबईच्या घोटीव मराठीपेक्षा वेगळी, 'काय लेका' म्हणणारी मराठी अशा रेडिओला हक्कानं चालणार होती.

एफएमचा आवाज स्वच्छ, पण त्याची एक अडचण इथल्या भूगोलात आहे. ही लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. शहरात, कागल-हातकणंगल्याच्या सपाटीवर ती खणखणीत ऐकू येते. पश्चिमेला शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याकडे गेलं की डोंगर आडवे येतात आणि घाटाच्या वळणावर आवाज खरखरतो, तुटतो. म्हणजे जिल्ह्याचं पाणी जिथून येतं त्याच भागात जिल्ह्याचा रेडिओ दुबळा. हे वाक्य पुढे कामाला येणार आहे.

सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९५ मध्ये हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचं म्हटलं. जुलै २००१ मध्ये बंगळुरूला देशातलं पहिलं खासगी एफएम केंद्र सुरू झालं. पण तो टप्पा मोठ्या शहरांचा होता आणि परवाना शुल्कानं केंद्रांचं कंबरडं मोडलं. मग १३ जुलै २००५ रोजी दुसऱ्या टप्प्याचं धोरण आलं. दरसाल वाढणाऱ्या भरमसाट शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा ठरला, साधारण चार टक्के. ९१ शहरांत ३३८ वाहिन्या लिलावाला निघाल्या. तीन ते दहा लाख वस्तीच्या 'क' वर्गात कोल्हापूर बसलं. पुढे 'पुढारी' समूहाचं ९४.३ टोमॅटो एफएम आणि ९८.३ रेडिओ मिर्ची शहरात वाजू लागलं. २०१५ च्या तिसऱ्या टप्प्यातल्या लिलावानंतर रेडिओ सिटीही आलं.

त्याच २००५ च्या धोरणात एक अट होती. खासगी एफएमवर बातम्या आणि चालू घडामोडी चालणार नाहीत. धोरण जाहीर होऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच पंचगंगेला महापूर आला. तेव्हा शहरात खासगी केंद्र अजून नव्हतं, त्यामुळे हा योगायोग कुणाच्या ध्यानात आला नाही. पण पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्याला 'बातमी' म्हणजे काय, हे दिल्लीतल्या त्या कलमाला ठाऊक नव्हतं. इथं पावसाळ्यात बातमी फुटांत आणि इंचांत येते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे सात. एकेक उघडला की १४२८ क्युसेक पाणी निघतं. ते शहरापर्यंत पोचायला लागणारा वेळ मनात मोजून माणसं जनावरं हलवतात, दुकानातला माल माडीवर नेतात.

२०११ मध्ये तिसऱ्या टप्प्याचं धोरण आलं आणि कलम थोडं सैल झालं. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, नोकऱ्या, वीज-पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती, खेळाचं समालोचन यांना 'बातमी' न मानता मुभा मिळाली. ही यादी सरकारी कागदावर रुक्ष दिसते. कोल्हापूरच्या दृष्टीनं ती सोन्यासारखी होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली, शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पाणी ५६ फुटांवर गेलं. अशा वेळी वीज जाते, मोबाईल मान टाकतो, वर्तमानपत्राची गाडी पोचत नाही. दोन सेलवर चालणारा रेडिओ मात्र चालतो. पण तो ऐकून माणसाला जे विचारायचं असतं, ते तिथल्या तिथं विचारता आलं पाहिजे. अमुक रस्ता चालू आहे का? अमुक शाळेत छावणी आहे का? डायलिसिसचा पेशंट न्यायचा कुठून?

असं विचारायला केंद्राच्या रोजच्या कार्यक्रमात किती जागा असते, हे कळायला त्यातल्या एका तासाकडे जवळून पाहू. खासगी केंद्रात कार्यक्रम आखणाऱ्याच्या टेबलावर एक वर्तुळ असतं, त्याला 'क्लॉक' म्हणतात. साठ मिनिटांच्या फोडी केलेल्या असतात. वर बाराच्या ठिकाणी केंद्राची जिंगल. लगेच सध्याचं सर्वांत चालतं गाणं, कारण नवा श्रोता त्याच क्षणी आत येतो. मग आरजेची, म्हणजे निवेदकाची, लिंक, जेमतेम मिनिटभराची. मग जुनं पण ओळखीचं गाणं. मग जाहिरातींचा ब्रेक. असं करत तासात दहा-बारा गाणी. कुठलं गाणं दिवसातून किती वेळा आणि किती अंतरानं लागेल, हे सॉफ्टवेअर ठरवतं. आकाशवाणीत याच कामाला 'फिक्स्ड पॉइंट चार्ट' आणि 'क्यू शीट' असतं. तिथे भक्तिसंगीत, बातम्या, शेतीविषयक कार्यक्रम यांच्या वेळा खुंट्याला टांगल्यासारख्या पक्क्या. दोन्हीकडे पद्धत निराळी, पण प्रश्न एकच विचारावा लागतो. या वर्तुळात श्रोत्याच्या आवाजाची फोड किती मिनिटांची आहे?

गाण्यांच्या निवडीमागेही पैसा असतो. स्वामित्वधनाचा वाद वर्षानुवर्षं चालला. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट मंडळानं ते जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या दोन टक्के ठरवलं, तेव्हा लहान शहरांतल्या केंद्रांना श्वास घेता आला. तोवर गाणं वाजलेल्या तासांच्या हिशोबानं पैसे मोजावे लागत, आणि गुजरीतला सराफ किंवा राजारामपुरीतला साडीवाला देणार त्या जाहिरातीचा दर मुंबईच्या दराच्या जवळपासही फिरकत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. दुसऱ्या टप्प्यात एका कंपनीला एका विभागातल्या आपल्या छोट्या शहरांतच कार्यक्रम जोडून चालवता येत होते. तिसऱ्या टप्प्यात देशभर जोडायची मोकळीक मिळाली. धंद्याच्या हिशोबानं ते बरोबर असेल. एकच कार्यक्रम दहा शहरांत लावला की खर्च वाचतो. पण मग रंकाळा तलावावरच्या माणसानं संध्याकाळी ऐकलेला आवाज रंकाळ्याला कधी आलेलाच नसतो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यात पाटाकडील आणि खंडोबा तालीम एकमेकांना भिडल्यावर अर्धं शहर कामधंदा सोडून बसतं, हे त्याला माहीत असायचं कारण नाही. सरकारी रेडिओचीही ओढ तीच आहे, केंद्रीकरणाची. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा वृत्तविभाग हलवायचा आदेश निघाला. सकाळी सात दहाच्या बातम्यांवर घड्याळ लावणाऱ्या महाराष्ट्रानं गलका केला आणि आदेश थांबला. श्रोते उलट बोलले की असं होतं.

शेजारी दोन उदाहरणं आहेत, ती कोल्हापुरानं निरखून पाहावीत. साताऱ्यात म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी' आणि सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या जालिहाळची 'येरळावाणी'. दोन्ही सामुदायिक रेडिओ. अशा केंद्राला शंभर वॅटची मर्यादा असते, आवाज दहा-बारा किलोमीटरपलीकडे जात नाही. दुष्काळी गावातली बाई मायक्रोफोनसमोर बसते आणि शेजारच्या वाडीतली तिचा आवाज ओळखते. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या ज्या खोऱ्यांत शहराची एफएम लहर अडते, तिथे असा एकेक शंभर वॅटचा खांब उभा राहिला, तर धरणाच्या दरवाज्याखालच्या गावांना पाण्याची वार्ता शहराआधी मिळेल. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही असा परवाना मिळतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणानं केलेल्या शिफारशींपैकी दोन इथं महत्त्वाच्या. खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात, आणि मोबाईलमधला रेडिओ बंद करून ठेवू नये. सध्या खासगी केंद्रांना फक्त आकाशवाणीच्या बातम्या, त्याही एक अक्षर न बदलता, लावता येतात. म्हणजे आरजे समोर बसला आहे, त्याच्या व्हॉट्सॲपवर श्रोत्याचा आवाज येऊन पडला आहे की अमुक गल्लीत पाणी शिरलं, आणि हे बातमीत मोडतं की आपत्तीच्या सूचनेत, याचा विचार त्यानं आधी करायचा.

दुसऱ्या टप्प्यातून तिसऱ्यात आलेल्या केंद्रांचे पंधरा वर्षांचे परवाने १ एप्रिल २०१५ पासून मोजले गेले. ते मार्च २०३० मध्ये संपतात. नव्या अटी लिहिल्या जातील, त्या दिल्लीत. त्याआधी कोल्हापूरच्या महापालिकेनं, शिवाजी विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागानं, तालमींनी आणि पूरग्रस्त गावांच्या ग्रामपंचायतींनी आपली मागणी लेखी पाठवावी. 'क' वर्गातल्या प्रत्येक केंद्रानं रोज ठरावीक तास त्याच शहरातल्या स्टुडिओतून थेट चालवावेत. स्थानिक बातम्यांची मुभा मिळावी. पुराच्या काळात राजाराम बंधाऱ्याची पातळी दर तासाला सांगणं सक्तीचं व्हावं, आणि त्या वेळी श्रोत्यांचे फोन घेण्यासाठी दहा मिनिटं राखून ठेवावीत.