जुन्या गाडीचे आधी आरोग्य, मग वेग

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. पण जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्याला ते मोल पदोपदी मोजावे लागते. जपानच्या माझदा कंपनीची एम.एक्स.-५ ही दोन आसनी, कापडी टपाची गाडी १९८९ साली बाजारात आली. तिच्या पहिल्या पिढीने आज तिशी ओलांडली आहे. तरीही जपान, अमेरिका, ब्रिटनमधील हौशी मालक तिला जिवापाड जपतात.

नवा मालक मात्र आधी टर्बो आणि रुंद चाकांचा हिशेब मांडतो. येथेच चूक होते. या गाडीचा खरा शत्रू गंज आहे. टपावरचे पाणी आसनांमागील दोन बारीक भोकांतून खाली जाते. ती पाल्यापाचोळ्याने तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात शिरते आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग चकचकीतच! ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत अशी गाडी नापास होते. मग कुजका पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो.

म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम ती भोके व पत्रा, मग सुमारे ९६ हजार कि.मी.ला टायमिंग बेल्ट, त्यानंतर ब्रेक, टायर व शॉक ॲब्सॉर्बर. इंजिनाची ताकद शेवटी.

२०१७ साली खुद्द माझदाने जपानमध्ये या जुन्या गाड्या दुरुस्त करून देण्याची सेवा जाहीर केली. त्यासाठी कापडी टप, लाकडी स्टिअरिंग, इतकेच काय, टायरही पुन्हा बनवले. पण वाचकहो, भोकातला पाचोळा काढायला कंपनी येत नाही. ते काम मालकाचेच!