घाटातल्या हॉटेलचं गिऱ्हाईक बोगद्याने पळवलं तर? महाड-पोलादपूरच्या मुलांनी केस कॉम्पिटिशनची तयारी अशी करावी

पोलादपूर सोडलं की कशेडी घाटाची वळणं सुरू होतात. २०२३ च्या गणेशोत्सवात कशेडीच्या बोगद्याची एक बाजू हलक्या गाड्यांसाठी उघडली आणि चाकरमानी खूश झाले. पण जुन्या घाटात चहा-वडापाव विकणाऱ्याचं काय?

मंडळी, हाच प्रश्न आकड्यांसकट कागदावर मांडला की त्याची 'बिझनेस केस' होते. केस कॉम्पिटिशनमध्ये तीन-चार जणांच्या टीमला एखाद्या धंद्याची अशी अडचण दिली जाते. ठरलेल्या वेळेत उपाय शोधायचा, तो परीक्षकांसमोर मांडायचा आणि मग त्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. एकच बरोबर उत्तर नसतं, त्यामुळे पाठांतर इथे कामाला येत नाही.

आधी हिशोब, मग आयडिया

समजा, घाटातल्या एका हॉटेलात रोज ३०० गिऱ्हाईकं यायची. सरासरी बिल १०० रुपये. त्यातले ६० रुपये कच्च्या मालात जातात, म्हणजे माणशी ४० रुपये सुटतात. भाडं, पगार, वीज मिळून रोजचा खर्च ९,००० रुपये. दिवसाला ३,००० रुपये नफा.

आता गिऱ्हाईक १८० वर आलं. सुटतात ७,२०० रुपये, खर्च तेवढाच. रोजचा तोटा १,८०० रुपये.

इथे बहुतेक टीम लगेच 'इन्स्टाग्राम पेज काढा' म्हणतात. परीक्षक विचारतात, त्याने किती माणसं वाढतील? आणि टीम गप्प! खरं तर तोटा भरून काढायला रोज २२५ गिऱ्हाईकं लागतात, म्हणजे आणखी ४५. दुसरा मार्ग दरवाढीचा. सरासरी बिल ११० झालं आणि एकही माणूस तुटला नाही, तर १८० जणांतही खर्च निघतो. पण नेहमीचा माणूस दहा रुपये जास्त देईल का? ते घाटात जाऊन, चार जणांना विचारूनच कळेल. पोलादपूरच्या मुलांना हे एका दुपारी जमतं. मुंबईतल्या टीमला त्यासाठी रजा काढावी लागेल.

इंग्रजीचं काय?

अनेक स्पर्धांचं सादरीकरण इंग्रजीत असतं आणि भल्याभल्यांचं गाडं तिथेच अडतं. म्हणून विचार आणि वाद मराठीतच घाला. उत्तर पक्कं झालं की ते छोट्या, साध्या इंग्रजी वाक्यांत बसवा. मित्रांना परीक्षक करून आडवेतिडवे प्रश्न विचारायला लावा. हा सराव स्लाइडच्या रंगांपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतो. काही स्पर्धा फक्त एमबीएच्या विद्यार्थ्यांसाठी असतात, तेव्हा नाव देण्याआधी नियम वाचा.

केस आणायच्या कुठून?

हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये मुंबईच्या डबेवाल्यांवर केस प्रसिद्ध केली. डबेवाल्यांवर होऊ शकते, तर महाडच्या बाजारपेठेवर का नाही? जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचं पाणी दुकानांत शिरलं आणि माल गेला. आता जूनच्या तोंडावर किराणा दुकानदाराने विचारलं, 'माल नेहमीसारखा भरू, निम्मा भरू, की वरच्या मजल्यावर भाड्याने खोली घेऊ?' तर खोलीचं चार महिन्यांचं भाडं, विम्याचा हप्ता, बुडू शकणाऱ्या मालाची किंमत आणि माल कमी ठेवल्याने परत जाणारं गिऱ्हाईक, हे चार आकडे बाजारात फिरून जमवा. पहिली प्रॅक्टिस केस तयार.