कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा

सहल म्हटली की आमच्या ठाकुर्लीच्या चाळीत दोनच प्रकार समजतात : एक शाळेची आणि दुसरी देवाची. कुणाचे लग्न नाही, नवस नाही, तरी सबंध कुटुंबाने नुसत्या विश्रांतीसाठी दोन दिवस बाहेर पडावे, ही कल्पना बाबांना चैनीची वाटते. म्हणून गेल्या डिसेंबरात मी जुन्नरचे नाव काढले तेव्हा लेण्याद्रीचा गणपती पुढे केला आणि बाकीचे जुन्नर त्याच्या मागे दडवले. आजीने मान हलवली आणि काम फत्ते झाले. या लेखात ते दडवलेले जुन्नर सांगायचे आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांना ते शिवनेरीपुरतेच ठाऊक असते.

वास्तविक जुन्नर आणि आपण एकाच वाटेची दोन टोके आहोत. सातवाहनांच्या काळी कल्याण हे बंदर होते. जहाजांतून उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून आजच्या मुरबाडच्या बाजूने सह्याद्रीच्या पायथ्याशी जाई, नाणेघाट चढे, जुन्नरला विसावे आणि तेथून पैठणकडे निघे. घाट चढून आल्यावर जनावरांना चारा-पाणी हवे, माल साठवायला जागा हवी, हिशेबाला माणसे हवीत. शहर वसायला याहून अधिक काय लागते? आज कल्याणची एसटी मुरबाड, टोकावडे करीत माळशेज घाटाने वर चढते, एवढाच फरक. 1670 च्या दशकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून जुन्नरला गेला, तोही कल्याण-मुरबाड याच बाजूने.

जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि खुद्द शिवनेरीचा डोंगर, सगळे पोखरलेले. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आजी डोलीत बसायला तयार नव्हती (“मेल्यावर बसायचंच आहे की खांद्यावर!”). ती दर वीस पायऱ्यांवर टेकत टेकत वर आली. गणपतीचे देऊळ म्हणजे मूळचे सातव्या क्रमांकाचे लेणे. एवढा मोठा दिवाणखाना, पण मध्ये एकही खांब नाही. भिंतींतून भिक्षूंच्या खोल्या दिसतात. दर्शन घेऊन लोक तेथूनच परत फिरतात. शेजारच्या सहाव्या लेण्याकडे फारसे कुणी वळत नाही. तिकिटाचे पैसे मात्र सगळ्यांनीच भरलेले असतात!

हे सहावे लेणे म्हणजे चैत्यगृह. आत दोन्ही बाजूंना खांबांची ओळ, खांबांच्या डोक्यांवर जनावरांच्या जोड्या आणि शेवटी स्तूप. येथे ब्राह्मी लिपीत एक लेख कोरलेला आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखाचा अर्थ असा, की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचे दान आहे. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार पाहणारा, सोनार म्हणा की खजिनदार.

मी हे सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, “कल्याणचा? म्हणजे आपल्या पुढच्या स्टेशनचा!” मग जरा वेळाने त्यांनी विचारले, “त्याच्या बापाचं नाव नाही लिहिलं?” मी म्हटले, “नाही बाबा, नुसता धंदा लिहिलाय.” बाबा कल्याणच्या धान्य बाजारात मापाडी आहेत. आमच्या घरात महाविद्यालयाचा प्रवेश-अर्ज पहिल्यांदा भरला गेला तो माझा. त्यात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना आला, तेव्हा ‘नोकरी’ लिही असे त्यांनीच सुचवले होते. तेथे ते बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिले. आपली लिपी जिच्यातून निघाली ती ही ब्राह्मी, पण तिच्यातले एकही अक्षर ओळखू येत नाही याचे त्यांना फार नवल वाटले.

मग मी त्यांना दुसराही लेख सांगितला. जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे आजच्या भाषेत संघटनेने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. आपल्या पाठ्यपुस्तकांत राजांची नावे पाठ करून जीव जातो. येथे दगडावर दुकानदार, कारागीर आणि परदेशी माणसे नोंदली गेली आहेत. मला तर जुन्नरचे खरे वैभव हेच वाटते. “धान्यवाले तेव्हाही होते तर,” बाबा म्हणाले. “मापाडीही असतीलच.”

शिवनेरीबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण तो सर्वांना माहीत आहे. 19 फेब्रुवारी 1630 ला महाराजांचा जन्म तेथे झाला. परंतु हा किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकला नाही आणि 1657 साली त्यांनी मोगलांच्या ताब्यातील जुन्नर शहरावर छापा घातला, हे किती जणांना ठाऊक असते? त्याआधी 1490 मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभारली तीही याच गावातून. अहमदनगर नंतर वसले.

थंडीत जुन्नरला जावे, असे मी आग्रहाने सांगेन. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून एक घोडा घेऊन जुन्नरला आला आणि पावसात अडकला. त्याने त्या पावसाळ्यालाच ‘हिवाळा’ म्हटले आहे! त्याच्या मते इथल्या हिवाळ्यात चार महिने पाणी आणि चिखलच. त्यातच तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तर परत देतो म्हणाला. शेवटी एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली तेव्हा घोडा सुटला. आम्हांला खरा हिवाळा मिळाला. सकाळी कुकडीच्या बाजूला धुके, दुपारी सोसवेल असे ऊन आणि जेवायला मासवडी. आईने खानावळीच्या बाईंना सारणाची कृती विचारून घेतली आणि मी तिला दोन दिवस चुलीपासून दूर बसलेली पाहिले. अंधार पडल्यावर उसाच्या बाजूला फिरू नका, बिबट्या असतो, एवढी सूचना मात्र सगळेच देतात.

चीनमध्ये पिंगयाओ, लिच्यांग अशी जुनी गावे आहेत. 1997 साली ती जागतिक वारसा ठरली आणि लोक मुलाबाळांसह केवळ त्यांच्या गल्ल्या पाहायला जातात. जुन्नरच्या गल्ल्यांत कोणी असा हिंडत नाही. वास्तविक चीनमध्ये जन्मलेली एक विद्या येथे नांदत होती, ती म्हणजे कागद करण्याची. समरकंद, इराण असा प्रवास करीत ती हिंदुस्थानात आली आणि जुन्नरी कागद तयार होऊ लागला. हे करणारे ते कागदी.

दुसऱ्या दिवशी जीप करून घाटघरमार्गे नाणेघाटावर गेलो. तेथील गुहेत नागनिका राणीचा मोठा लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दिले, सारा हिशेब त्यात आहे. आकडेही आहेत, पण शून्य नाही. दहासाठी, शंभरासाठी, हजारासाठी वेगवेगळ्या खुणा. बाबांनी विचारले, “मग बेरीज कशी करत असतील?” मला उत्तर देता आले नाही, ते मी आमच्या इतिहासाच्या सरांना विचारणार आहे. राजघराण्याच्या पुतळ्यांची आता फक्त पावले उरली आहेत. वाटेवर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात. बाबांनी त्यात हात घालून खोली पाहिली आणि “किती मण मावतील?” याचा अंदाज बांधीत बसले. समोर खाली कोकण पसरले होते. आजी विचारीत होती, ठाकुर्ली कोणत्या बाजूला?